जीपीएसच्या पट्ट्या काय सांगतात?

हातातल्या जीपीएस यंत्रावर उपग्रहांच्या उभ्या पट्ट्या दिसतात. पट्ट्या उंच म्हणजे जागा अचूक, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर. तिथून आलेला संदेश किती क्षीण असतो? एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी, त्यातल्याही एकाचे शंभर. साधारण तेवढाच! म्हणून गोंगाटाच्या तुलनेत संदेश किती वर आहे, ते पट्टी दाखवते. आकडा डेसिबलचा. मोकळ्या रानात तो 40-45 असतो. 3 ने घटला की ताकद निम्मी, 10 ने घटला की दहावा हिस्सा. दाट झाडाखाली तो 30 च्याही खाली उतरतो.

आता दुसरी बाजू. बालाघाटच्या एखाद्या अरुंद दरीत डोक्यावरच्या उपग्रहांच्या पट्ट्या उंच दिसतील, पण बाजूचे डोंगराआड गेलेले असतात. सगळे एकाच बाजूला गोळा झाले की चूक वाढते. उपग्रह चहूकडे पसरलेले हवेत.

हे मोबाइललाही लागू आहे. 2021 पासून ई-पीक पाहणीत पिकाच्या फोटोसोबत अक्षांश-रेखांशही जातात. गट अरुंद असेल, तर दहा मीटरची चूक शेजाऱ्याच्या रानात नेते. म्हणून झाडाखाली नको, गटाच्या मधोमध उघड्यावर दोन मिनिटं थांबा, मग फोटो घ्या.

आणि बांधाचा वाद असेल, तर या यंत्रावर भांडू नका. त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते.