केकची शोभा आणि घरची मर्यादा

मुलांचा वाढदिवस असो वा आजी-आजोबांच्या विवाहाची पन्नाशी, यवतमाळ, वणी, पुसदकडील व्यापारी कुटुंबांतही आता दोन-तीन मजली केक दिसू लागला आहे. त्यावरील गुळगुळीत आवरण, फुले आणि मोत्यांच्या माळा ज्यापासून घडवितात, तो साखरेचा लवचीक गोळा म्हणजे फोंडंट. तो घरी करण्याची रीत सोपी आहे : मार्शमॅलो दोन-तीन चमचे पाण्यासह वितळवावेत आणि त्यांच्या सुमारे दुप्पट वजनाची आयसिंग शुगर घालून मळावे.

सुना-मुलींची ही हौस कौतुकास्पदच आहे. प्रश्न आहे तो घटकांचा. बहुतेक मार्शमॅलोंना लवचीकपणा येतो तो जिलेटिनमुळे, आणि जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून तयार होते. केक अंड्याविना केला म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि वर्ज्य वस्तू आवरणातून ताटात येते. ज्यांच्या सन्मानार्थ समारंभ, त्या वडीलधाऱ्यांनाच तो तुकडा घेता येऊ नये, हे शोभणारे नाही.

करारनामा वाचल्याविना सही न करणारा व्यापारी वेष्टनही वाचूनच घेईल. हिरवा ठिपका पाहावाच. पण घटकांची यादीही पाहावी. रंगांतील क्रमांक १२० हा कीटकांपासून मिळणारा लाल रंग, तर ९०४ म्हणजे चकाकी आणणारी लाख. शाकाहारी मार्शमॅलोंत अनेकदा समुद्री शेवाळापासून काढलेले अगर किंवा कॅराजीनन असते. ज्या घरी तेही वर्ज्य, त्यांनी ते टाळावे.

याला सुलभ पर्याय आहे. दूध पावडर व चाळलेली आयसिंग शुगर समप्रमाणात घेऊन, त्यात कंडेन्स्ड मिल्क थोडे थोडे घालत घट्ट गोळा मळावा. तो लवकर सुकतो, म्हणून झाकून ठेवावा. वरच्या मजल्याखाली पातळ पुठ्ठा व आधाराच्या काड्या द्याव्यात, अन्यथा खालचा केक दबतो. आपल्याकडे वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हा सजावट सकाळी थंड खोलीत करावी.

साखरेतून दागिने घडविणे आपल्याला नवे नाही. संक्रांतीला नववधूच्या अंगावर हलव्याचे दागिने शोभतातच. त्याच कौशल्याने सजविलेला केक घरातील प्रत्येकाला निःशंक मनाने खाता आला, तरच त्याची शोभा पूर्ण होते.