दृष्टीआडचा माणूस

मनुष्य मनुष्याशी बोलतो तेव्हा तो केवळ शब्दच ऐकत नसतो. समोरच्याच्या कपाळावरील आठी, डोळ्यांत दाटलेले पाणी, ओठांचा कंप हेही तो नकळत वाचीत असतो. एखादा बोचरा शब्द जिभेवर येतो; पण समोरचा चेहरा उतरलेला दिसताच तो तेथेच अडखळतो. बाजारात भावावरून हमरीतुमरीवर आलेली माणसेदेखील नजरेला नजर भिडताच पुष्कळदा वरमतात, हे तुम्ही पाहिले असेल.

मोबाइलच्या पडद्यावर अक्षरे दिसतात, माणूस दिसत नाही. एरवी सौम्य म्हणून ओळखले जाणारे तरुणही तेथे कधीकधी अशी भाषा लिहितात, की ती कोणाच्या तोंडावर उच्चारण्यास त्यांचीच जीभ धजणार नाही. असे का व्हावे? खोटे नाव घेता येते म्हणून, असे उत्तर बहुतेक जण देतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 साली या प्रश्नाची मीमांसा केली, तेव्हा नाव लपणे हे अनेक कारणांपैकी एक ठरविले. दृष्टीआड असणे हे त्यांनी निराळे कारण मानले. परंतु यांतील प्रबळ कोणते, हे प्रयोगावाचून कसे कळावे?

इस्रायलमधील हैफा विद्यापीठातील नोआम लापिडोट-लेफ्लर आणि अझी बराक यांनी असा प्रयोग करून 2012 साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी 142 व्यक्तींच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीपुढे एक पेच ठेवला, आणि संगणकावर लिहून वाद करून दोघांनी एकमताने तो सोडवावा, असे सांगितले. काही जोड्यांना परस्परांची ओळख करून दिली, काहींना दिली नाही. काहींना जोडीदार दिसत होता, काहींना नाही. काहींच्या बाबतीत तर कॅमेरे अशा रीतीने बसविले होते, की दोघांची नजरानजर व्हावी. मग कोणी किती कठोर शब्द वापरले, हे तपासण्यात आले. नाव लपल्याने फारसे बिघडले नाही. भाषा बिघडली ती मुख्यतः नजरानजर नसल्यामुळे! बिचाऱ्या खोट्या नावावर आपण उगाच सारा दोष ढकलीत आलो, असे यावरून वाटते.

तथापि डोळ्यांवाचून बोलणारे सर्वच जण कठोर होत नाहीत. मनाची अवस्था आणि सभोवतालची भाषा यांचाही वाटा असतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड व कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना सोपी, तर काहींना मुद्दाम अवघड परीक्षा दिली. नंतर एक लेख वाचून त्याखाली मत लिहावयाचे होते. परीक्षा सोपी आणि आधीची मते सभ्य असतील, तर शेकडा 35 मते त्रासदायक निघाली. परीक्षा अवघड आणि आधीची मतेही शिवराळ असतील, तेव्हा हे प्रमाण शेकडा 68 वर गेले. एका वृत्तसंस्थेकडील वाचकांची जुनी मते त्यांनी तपासली, तेव्हा रात्री उशिरा लिहिलेल्यांत कटुता अधिक आढळली. प्रयोगासाठी कोणी भांडखोर माणसे निवडून आणली नव्हती. कोणास कोणती परीक्षा मिळावी, हे केवळ दैवाने ठरले होते.