अंगणातले १२ व्होल्ट

घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्टची वीज असते. अंगणातल्या एलईडी दिव्यांना १२ व्होल्ट पुरतात, आणि एवढ्या कमी दाबाचा धक्का सहसा जीवघेणा ठरत नाही.

ही सुरक्षितता २३० चे १२ व्होल्ट करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर अवलंबून असते, म्हणून तिथे काटकसर नको. २३० आणि १२ व्होल्टच्या बाजू पूर्णपणे विलग असलेलाच ट्रान्सफॉर्मर घ्यावा; तशी विलगता नसेल, तर बागेतल्या तारेतही घातक दाब उतरू शकतो. तो पागोळ्यांपासून दूर, भिंतीवर उंच बसवावा. त्याच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारी कळ, हवीच. २३० व्होल्टचे हे काम परवानाधारक वायरमनचेच.

खरी गल्लत तारेत होते. ६० वॉटचे दिवे १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतात. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार २० मीटर नेली, की जाता-येता ४० मीटरमध्ये जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि टोकाचे दिवे मलूल पडतात. तीच तार चार चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट एका व्होल्टच्या आत राहते. दिवे चांगले असूनही बदलले जातात, ते बहुधा या हिशेबाअभावी.

कोकणातल्या पावसात नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड टिकत नाही. जेल भरलेले जलरोधक कनेक्टर वापरावेत. जमिनीत बसवायचा दिवा आयपी ६७ दर्जाचा असावा. तो एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. गाडलेली तार पाइपातून नेली, तर आळी करताना कुदळीपासून वाचते.