मालवणच्या खानावळी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण नावाचे तालुक्याचे गाव आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस माडांच्या बागा. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे नावाच्या बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. आजही किल्ल्यात जायचे तर होडीतच बसावे लागते.

मालवणला आगगाडी जात नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी सुरू झाली, पण तिच्यासाठी कुडाळला किंवा कणकवलीला उतरायचे आणि पुढे मोटारीने यायचे. तरीसुद्धा माणसे येतात, आणि पुष्कळ येतात. सरकारने १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केला. पर्यटन म्हणजे हौसेने गावोगाव फिरणे. फिरणारा तो पर्यटक.

हे पर्यटक येऊन करतात काय? काही किल्ला पाहतात. काही तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूवर बसतात. काही देवबागेला जातात. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तो संगम होडीतून पाहतात. आणि काही जण चक्क समुद्राच्या तळाकडे जातात! पाठीवर हवेची टाकी बांधायची, नळी तोंडात धरायची आणि शिकलेल्या माणसाचा हात धरून पाण्याखाली उतरायचे. खाली रंगीत मासे आणि प्रवाळ दिसतात. याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. आमचे वय झाले, आम्ही काही उतरलो नाही. काठावर बसून पाहिले.

आता तुम्हीच सांगा, सकाळभर पाण्यात डुंबलेल्या माणसाला काय हवे असते? जेवण! एक वाजला की ओल्या केसांची ही मंडळी गावात शिरतात आणि विचारू लागतात, "ताजे मासे कुठे मिळतील?"

मालवणात मोठी हॉटेले आहेत. पण आम्ही सांगणार आहोत ते घरगुती खानावळींविषयी. घराच्या पडवीत चार टेबले, बाहेर एक फळा, आत चूल किंवा गॅस. घरची बाई रांधते, मुलगा वाढतो, सून भाकऱ्या थापते. नवरा किंवा दीर बहुधा दर्यावर जाणारा. अशा खानावळीला मालक एकच, शाखा नाही, आणि नफा झाला काय नि तोटा झाला काय, तो त्याच घरात राहतो.

ताटात काय असते? भात, भाकरी किंवा वडे, माशाची आमटी, तळलेली तुकडी, आणि वाटीत सोलकढी. सोलकढी म्हणजे आमसुलाचे पाणी आणि नारळाचे दूध. रंग गुलाबी, चव आंबटगोड, आणि जेवण पचवायला उत्तम. बांगड्याच्या तिकल्यात तिरफळ घालतात. तिरफळाचा वास असा, की एकदा नाकात बसला की विसरत नाही. कोंबडी-वडे तर सगळ्यांना ठाऊकच आहेत. मासे न खाणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ असते. घाटावरची माणसे ती कमी लेखतात, पण आमचे मत विचाराल तर गरम वडे आणि ही उसळ यांच्यापुढे सुरमईसुद्धा दुसऱ्या नंबरावर.

आता मुद्द्याकडे येऊ. पुष्कळ पर्यटकांची एक तक्रार असते. "काल सुरमईच्या ताटाला एक दर सांगितला, आज दुसराच! ही लूट आहे." खरेच लूट आहे का? एखादे वेळी असेलही. पण बहुतेक वेळा तसे नसते. डाळीचा भाव आठवडाभर टिकतो, मासळीचा सकाळ-संध्याकाळ टिकत नाही. होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीचा लिलाव होतो. लिलाव म्हणजे बोली बोलून खरेदी. मासळी कमी आणि घेणारे जास्त असले की बोली चढते. वारा सुटला, दर्या खवळला, तर होडी बाहेरच पडत नाही. मग सुरमई कुठून यायची?

आमच्या ओळखीच्या एक काकी अशी खानावळ चालवतात. चार वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवलो. पडवी भरलेली होती. बाहेर माणसे थांबली होती. आम्ही म्हटले, "काकी, धंदा झकास चालला आहे!" तर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "गुरुजी, धंदो चलता ता खरा. पण पेटयेत पैसे ऱ्हवत नाय. खय जातत, कळणा नाय."

बँकेचे कर्ज काढून त्यांनी टेबले आणि मोठा फ्रिज घेतला होता. तीन हप्ते थकले होते. खानावळ मोडून घरातल्यांनी मुंबईला जावे, असे बोलणे चालले होते. गर्दी आहे, हाताला चव आहे, तरी पैसा का उरत नाही?

मास्तरची सवय कुठे जाते! आम्ही चाळीस पानांची वही आणवली आणि चार खाने आखून दिले. काय आणले, किती ताटे विकली, किती तुकड्या उरल्या, काय खर्च झाला. काकी नुकत्याच अक्षर शिकल्या होत्या. सुरमई असे पुरे लिहायला वेळ लागे, म्हणून त्या 'सु' लिहीत, बांगड्याला 'बां' लिहीत. आम्ही म्हटले, चालेल. तुम्हाला कळले म्हणजे झाले.

महिन्याने वही उघडली. त्यात दिसले ते तुम्हाला सोप्या आकड्यांत सांगतो. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, ते बाजारभाव समजू नका.

समजा, दोन किलोची सुरमई ८०० रुपये किलोने घेतली. झाले १६०० रुपये. डोके, शेपटी, आतडी काढून १६ तुकड्या पडल्या. म्हणजे एक तुकडी १०० रुपयांना पडली. ताटातला भात, भाकरी, नारळ, तेल, गॅस, बर्फ, भांडी घासणारीची मजुरी मिळून ९० रुपये धरा. म्हणजे एका ताटाला १९० रुपये लागले. काकी ते ताट २०० रुपयांना विकत होत्या. त्यांना वाटे, ताटामागे १० रुपये तरी सुटतात.

पण सोळा तुकड्यांतल्या बाराच खपल्या तर? बारा ताटांचे आले २४०० रुपये. सुरमईचे गेले १६०० आणि बारा ताटांचा इतर खर्च १०८०. एकूण गेले २६८०. म्हणजे पडवी भरलेली असून दिवसाला २८० रुपये खोट! आणि काकींची स्वतःची मजुरी यात धरलेलीच नाही. पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत राबणाऱ्या बाईची मजुरी वहीत कोणी धरत नाही. आम्ही धरायला सांगितली, तेव्हा त्या हसल्या.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. गिऱ्हाईक घेऊन येणारे काही जण ताटामागे दलाली घेत. काकी ती पदराच्या गाठीतून देत, म्हणून ती हिशेबात कधी आलीच नव्हती.

मग काकींनी काय केले? सुरमईच्या ताटाचा दर वाढवला. तो रोज सकाळी लिलावानंतर ठरवायचा आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा, म्हणजे जेवून झाल्यावर वाद नको. शेजारी बांगड्याच्या ताटाचा दर लिहायचा. बांगडा स्वस्त, त्यामुळे गरीब गिऱ्हाईकही परत जात नाही. दुसरी युक्ती मात्र त्यांच्याच डोक्यातली. पर्यटक सकाळी बुडी मारायला जाताना त्यांच्या घरावरूनच जातात. काकी दारात उभ्या राहून विचारू लागल्या, "दुपारी जेवक येतलात? किती जणां आसात?" जितकी नावे, तितकीच मासळी. वर दोन-चार तुकड्या. आता मालवणात पुष्कळ घरी अशीच आगाऊ वर्दी घेतात. कोणी फोनवरही सांगतात. उरलेली मासळी फेकायची पाळी क्वचित येते.

उरलेल्या मासळीवरून एक महत्त्वाची गोष्ट सांगायला हवी. इथे तोट्याहून मोठा धोका आहे.

काही वर्षांपूर्वी प्रवासात आम्ही एका खानावळीत बांगडा खाल्ला. गाव मालवण नव्हे, दुसरेच. बांगड्याला घाण वास नव्हता. चव जराशी तिखट, जिभेला चुरचुरणारी लागली, तिकडे आम्ही लक्ष दिले नाही. अर्ध्या तासात तोंड लालबुंद झाले, अंगाला खाज सुटली, डोके ठणकू लागले, छाती धडधडू लागली. आम्हाला वाटले, आता संपले! डॉक्टरांनी औषध दिले आणि समजावून सांगितले.

बांगडा, सुरमई, कुपा या जातीचे मासे पकडल्यावर उन्हात किंवा उबेत राहिले, तर त्यांत जंतू वाढतात. ते जंतू माशाच्या मांसात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार करतात. तेच हे विष. आणि मुख्य गोष्ट ही, की ते एकदा तयार झाले की तळून जात नाही, उकळून जात नाही, मीठ लावून जात नाही, पुन्हा बर्फात ठेवूनही जात नाही. माशाला वास नसला तरी ते असू शकते. म्हणून उपाय एकच. मासा होडीतून उतरल्यापासून कढईत पडेपर्यंत बर्फात गार ठेवायचा. दुपारभर टोपलीत राहिलेला बांगडा संध्याकाळी मसाल्यात घोळून खपवू नये. मसाला वास झाकतो, विष झाकत नाही.

ताजा मासा ओळखायचा कसा? डोळे स्वच्छ आणि फुगीर असतात. कल्ले उचलून पाहा, ते लाल असतात. अंगावर बोट दाबले तर खळगा राहत नाही. कोळणी टोपली पुढे करतात तेव्हा संकोच करू नका, कल्ला उघडून पाहा. पण एवढ्याने विषाची पुरी खात्री होत नाही, हेही लक्षात असू द्या. मासा बर्फात होता की नव्हता, हे विचाराच. आणि मासे ठेवलेला बर्फ सरबतात घालू नये. हे सांगायला नको, पण आम्ही पाहिले आहे म्हणून सांगतो.

पाण्याचेही तसेच. कोकणात घराघराशी विहीर असते. अंगण लहान असले की विहीर आणि संडासाची टाकी जवळजवळ येतात. त्या पाण्यातून काविळीचा एक प्रकार पसरतो. तो दोन ते सहा आठवड्यांनी अंगावर दिसतो. पर्यटक तोवर आपल्या गावी गेलेला असतो. तो आजारी पडला हे खानावळीला कळतही नाही आणि ती तेच पाणी दुसऱ्यांना देत राहते. म्हणून विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, त्यात शुद्धीकरणाची पूड घालावी, आणि पिण्याचे पाणी उकळूनच ठेवावे.

कायदाही आहे, बरे का. २००६ सालच्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे जेवण विकणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी करायची असते. लहान गाडीवाल्यालाही ती लागते. काकींनी ती केली. नोंदणीचा कागद काचेत घालून पडवीत लावला आहे. त्यावरचे आपले नाव त्या येणाऱ्याला बोट ठेवून वाचून दाखवतात.

पावसाळा आला की सारे चित्र पालटते. १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने यंत्राच्या होड्यांना मासेमारीची बंदी असते. हे दिवस पुष्कळ माशांच्या विणीचे. तेव्हा पकडले तर पुढे मासेच उरणार नाहीत. दर्या खवळलेला असतो, म्हणून किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळही बंद. पुढे श्रावण लागतो आणि पुष्कळ घरी मासे शिजत नाहीत. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. उन्हाळ्याच्या आणि नाताळच्या सुटीत मिळवलेले या दिवसांना पुरवावे लागते. काकी आता चांगल्या दिवसांत ताटामागे थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकतात. वहीत त्या डब्याचे नाव 'पाऊस' असे आहे. थकलेले हप्ते दीड वर्षात फिटले. धाकटा मुलगा मुंबईला गेलाच, पण मोठा आणि सून घरीच राहिली.

गेल्या जुलैत आम्ही मुद्दाम भर पावसात गेलो. पडवीत दोनच टेबले मांडलेली. एकावर आम्ही, दुसऱ्यावर एसटीचे वाहक आणि चालक. ताटात टाकळ्याची भाजी, भाजलेला सुका बांगडा, भाकरी आणि ती काळ्या वाटाण्याची उसळ. बाहेर फळ्यावर काकींच्या अक्षरांत लिहिले होते, "ताजी मासळी नाय. उसळ आसा." 'उसळ'मधला ळ उलटा पडला होता. आम्ही खडू मागितला, तर म्हणाल्या, "ऱ्हवांदे गुरुजी, लोकांका कळता. तुम्ही जेवा."