गळ्यांतला ताईत

अत्यंत प्रिय माणसास आपण ‘गळ्यांतला ताईत’ म्हणतों. परंतु हा शब्द मूळचा आपला नव्हे. अरबी भाषेंत ‘आश्रय मागणें’ या अर्थाचा एक धातु आहे; त्यापासून झालेला ‘तावीज’ हा शब्द फारशीच्या वाटेनें मराठींत आला व त्याचा ‘ताईत’ बनला. म्हणजे दंडास ताईत बांधणारा मनुष्य शस्त्र उचलीत नसून कोणाच्या तरी पदराआड उभा राहत असतो. ग्रीकांनीं याच वस्तूस ‘रक्षणाचें साधन’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें. आणि राखी हा आपला शब्दही रक्षेपासूनच निघालेला आहे.

ही रक्षासाधनें एके ठिकाणीं पाहावयाचीं असतील तर उरण तालुक्यांतील जासई येथें, दि. बा. पाटील यांच्या जन्मगांवीं, रस्त्याच्या कडेला घटकाभर उभें राहावें. भातशेतें आणि मिठागरें यांच्या या मुलखांत १९८९ सालीं न्हावाशेवा बंदर सुरू झालें, आणि तेव्हांपासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून मालाचे ट्रक इकडे येऊं लागले. एकाच्या पुढें लिंबू-मिरच्या व बिब्बा, दुसऱ्याच्या मागें जुनें पायताण, तिसऱ्यास काळे गोंडे, तर दक्षिणेकडील एखाद्यावर डोळे वटारलेला राक्षसी मुखवटा! पाट्यांवरील लिप्या निराळ्या, भीति मात्र एकच, कीं दुसऱ्याची दृष्ट लागेल. रात्र रात्र जागून एवढें अवजड धूड हांकणाऱ्यास असा कांहीं आधार हवासा वाटला, तर त्यांत नवल तें काय? आधीं ब्रेक तपासून मग लिंबू बांधलें म्हणजे झालें.

आपण सुशिक्षितांनीं तर हंसण्याची घाई करूंच नये. बाळाच्या गालावर तीट आपणच लावतों, श्रावणांत जिवतीचा कागद आपल्याच भिंतीवर चढतो; आणि तिन्हीसांजेस मुलांकडून म्हणवून घेतो ती रामरक्षा रचनेनें एक कवचच आहे. मस्तकापासून पायांपर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नांवाच्या स्वाधीन करावयाचा, अशी तिची योजना आहे. याच किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे बेने इस्रायल, ज्यांस गांवकरी शनवारतेली म्हणत, दाराच्या चौकटीस ‘मेझुझा’ लावतात. चर्मपत्रावर हिब्रू धर्मवचनें लिहून तें एका लहानशा नळींत ठेवतात व जातांयेतां तिला हात लावतात. त्यांचे शास्त्री म्हणतात, हें आज्ञापालन आहे, ताईत नव्हे. पण रामरक्षेस तरी आपण ताईत कोठें म्हणतों?

आम्हांस चिंता वाटते ती दोरा बांधण्यांत जाणाऱ्या वेळाची. कोंकणांतील तांबड्या विंचवाच्या दंशानें हृदय व फुप्फुसें यांवर घाला पडतो. याच रायगड जिल्ह्यांत महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध या दंशावर योजून पुष्कळ जीव वांचविले. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. मात्र हें औषध जितकें लौकर पोटांत जाईल तितका त्याचा गुण अधिक. मांत्रिकाच्या अंगणांत घालविलेला तास रोग्याच्या आयुष्यांतून वजा होतो.

२० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून अडवून त्यावर गंडेदोरे व मंत्रतंत्र करणें हा त्यानें गुन्हा ठरविला. नुसता ताईत घालणारास तो हात लावीत नाहीं. ही मर्यादारेषा आम्हांस शहाणपणाची वाटते, आणि घरांतही तीच पाळावी असें आमचें मत आहे.

तेव्हां तान्ह्याच्या गळ्यांत काळा दोरा बांधूं नये. झोपेंत तो आवळला जाण्याचें भय असतें. बिब्बा मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, कारण त्याच्या तेलानें कातडीवर फोड उठतात. बाजारांतील सुरम्यांत शिसें असूं शकतें, म्हणून तो मुलांच्या डोळ्यांत मुळींच घालूं नये. तीट मात्र आजीबाईंनीं खुशाल लावावी. घरच्या काजळाची, आणि गालावर.