अम्लवर्ज्य पथ्य आणि ‘क’ जीवनसत्त्व

अम्लपित्त, आमवात, त्वग्विकार अशा अनेक व्याधींत आम्ही वैद्य रुग्णास ‘आंबट वर्ज्य’ असे सांगतो. ते शास्त्रसंमतच आहे. परंतु या दोन शब्दांचा अर्थ रुग्णाच्या घरी कसा लावला जातो, हे आम्ही क्वचितच विचारतो. लिंबू जाते, आवळा जातो, संत्री-मोसंबी जातात. पुढे ‘थंड’ म्हणून पेरूही जातो. मग कित्येक महिने भात, भाकरी, वरण आणि फार शिजवलेली भाजी एवढाच आहार उरतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत याची विशेष काळजी घ्यावयास हवी.

मानवी शरीर ‘क’ जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही आणि त्याचा मोठा साठाही करीत नाही. आहारातून ते जवळजवळ नाहीसे झाल्यास एक ते तीन महिन्यांत स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागतात. ग्लानी, सांधेदुखी, सुजलेल्या हिरड्यांतून रक्तस्राव, केसांच्या मुळाशी रक्ताचे बारीक ठिपके, व्रण न भरणे ही त्यांतील प्रमुख होत. कोलॅजेन या प्रथिनाची बांधणी या जीवनसत्त्वावाचून पक्की होत नाही, म्हणून सूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बल होतात. १७४७ साली जेम्स लिंड या नौदलातील शल्यवैद्याने बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. आता अशा रक्तस्रावास केवळ रक्तपित्त समजून अम्लरस अधिकच कडकपणे बंद केला, तर आमचे पथ्यच व्याधीस पोसते.

वास्तविक चरकाचार्यांनी सूत्रस्थानात अम्लरस प्रायः पित्तकर सांगताना डाळिंब व आवळा यांचा स्पष्ट अपवाद केला आहे. आवळा अम्ल असूनही मधुर व शीत गुणांनी पित्तशमन करतो. पथ्य सांगताना हा अपवाद मात्र आम्ही गाळतो! (डाळिंबात ‘क’ जीवनसत्त्व अल्पच असते, त्याचे गुण निराळे.)

शिवाय या जीवनसत्त्वासाठी आंबटच खावे लागते असेही नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दररोज ८० आणि स्त्रीस ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. १०० ग्रॅम पेरूत ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट. शेवग्याचा पाला, कोबी, ढोबळी मिरची, पपई हीदेखील उत्तम साधने आहेत. मात्र उष्णता, हवा व पाणी यांमुळे ते नष्ट होते. भाजी चिरून धुणे आणि शिजवलेले पाणी ओतून देणे टाळावे. च्यवनप्राश किंवा मोरावळा रसायन म्हणून अवश्य द्यावा, पण ताज्या फळाच्या जागी तो धरू नये.

गोळ्यांच्या मोठ्या मात्रेचा आग्रह आम्हांस पटत नाही. मूत्राश्मरीच्या रुग्णांत तर तो टाळावाच. पांडुरोगात मात्र जेवणासोबतच पेरूची फोड किंवा कच्च्या कोबीची कोशिंबीर सुचवावी. धान्य-पालेभाज्यांतील लोहाचे शोषण त्याने वाढते, आणि हा लाभ दोन्ही पदार्थ एकाच वेळी पोटात गेल्यासच मिळतो.