आंब्याची पाच वर्षे आणि मार्चअखेर

उपजीविकेचे काम करणाऱ्या छोट्या ग्रामीण संस्थेला पैसा दोन गोष्टींसाठी लागतो. कुटुंबाला द्यायच्या कलमांसाठी, शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी. आणि त्यातून घरात चार पैसे येऊ लागेपर्यंत पाठीशी उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्याच्या पगारासाठी. पहिल्या कामाला देणगीदार मिळतात. शेळीचा फोटो निघतो, वाटपाचा कार्यक्रम होतो. दुसऱ्याचा फोटो निघत नाही, आणि घर गरिबीतून वर येते ते बहुतेक वेळा त्या दुसऱ्या कामामुळे.

वाडी प्रकल्पात हे चांगले दिसते. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातेतल्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसोबत हे काम सुरू केले. कुटुंबाच्या स्वतःच्या एकरभर हलक्या, उताराच्या जमिनीत आंबा-काजूची कलमे लावायची, बांधावर जळणाची आणि चाऱ्याची झाडे, मधल्या मोकळ्या जागेत नागली, वरई, भाजीपाला. पुढे जव्हारकडेही अशा वाड्या उभ्या राहिल्या.

वाडीचे पहिले वर्ष कष्टाचे असते. भर उन्हाळ्यात तीन फूट लांब, तितकेच रुंद आणि खोल खड्डे खणायचे, त्यात पालापाचोळा आणि शेणखत भरायचे, पाऊस धरला की कलम लावायचे. कलमाच्या जोडाखाली फुटलेला धुमारा वेळच्या वेळी खुडावा लागतो. तो राहिला तर वरची जात दबते, खालचा रायवळ आंबा वाढतो, आणि चूक लक्षात येते ती काही वर्षांनी, फळ धरल्यावर. दिवाळीनंतर आणखी मोठा प्रश्न उभा राहतो. वीटभट्टीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेले कुटुंब गाव सोडून गेले, तर उन्हाळ्यात झाडांना हंड्याने पाणी कोण घालणार? म्हणून कार्यकर्ता त्या घरी चार-चार वेळा जातो, घरातल्या बाईशी बोलतो, बांधबंदिस्तीची मजुरी गावातच मिळेल असे पाहतो. या खेपा अंदाजपत्रकात ‘प्रवास खर्च’ या एका ओळीत येतात, आणि कपातीची वेळ आली की पहिली कात्री त्याच ओळीला लागते.

आंब्यापासून नाव घेण्याजोगे उत्पन्न यायला चार-पाच वर्षे जातात. हे ओळखून पैशाची रचना करणे हे नाबार्डचे मोलाचे काम. जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या साहाय्याने १९९५ मध्ये गुजरातेत आणि २००० मध्ये महाराष्ट्रात आदिवासी विकास कार्यक्रम सुरू झाला. त्या अनुभवावरून नाबार्डने २००३-०४ मध्ये स्वतःच्या नफ्यातले ५० कोटी रुपये बाजूला काढून आदिवासी विकास निधी उभा केला. यात पैसा अनेक वर्षे टप्प्याटप्प्याने येतो आणि गावची नियोजन समिती व संस्था यांच्या संयुक्त खात्यात जमा होतो. नगर जिल्ह्यातून वाढलेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमातही हीच पद्धत होती: आधी गावाने श्रमदान करून छोट्या क्षेत्रावर काम करून दाखवायचे, मग मोठी रक्कम. चेकवर गावच्या माणसाचीही सही लागली, की पैसा किती आला आणि कुठे गेला हे गावाला विचारावे लागत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचे, म्हणजे सीएसआरचे, घड्याळ निराळे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष लागू झाला, की मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर झालेले कामही सुरुवातीचे वर्ष सोडून फार तर तीन वर्षे चालते. आंब्याला मोहोर यायच्या सुमारास निधी संपतो. शिवाय बरेच प्रस्ताव एका वर्षाचेच मंजूर होतात आणि रक्कम मार्चअखेर खर्ची पडावी असा आग्रह असतो. मार्चमध्ये कलमे लावता येत नाहीत. शिबिरे भरवता येतात, म्हणून शिबिरे भरतात.

निधी पोचतो कुठे, हाही प्रश्न आहेच. कायदा कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि कारखाने धडगाव-अक्कलकुव्यासारख्या दुर्गम आदिवासी भागात नाहीत. निधी मिळण्यासाठी संस्थेला प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ नोंदणी लागते. चार माणसांच्या संस्थेत यातले बरेचसे काम रात्री जागून होते.

नियमाच्या चुकीच्या वाचनानेही नुकसान होते. प्रशासकीय खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा खर्च तिच्यात मोडत नाही. तरी ती मर्यादा संस्थेच्या माथी मारली जाते, आणि शेतीतले शिक्षण घेतलेला चांगला कार्यकर्ता तुटपुंज्या मानधनावर वर्षभर टिकतो आणि जातो. त्याच्याबरोबर पाड्यावरच्या पन्नास घरांची ओळखही जाते. परदेशी निधीचा मार्गही अरुंद झाला आहे. त्याविषयीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी देण्यास बंदी आली. मोठ्या संस्थेच्या आधाराने पाड्यापर्यंत पोचणाऱ्या छोट्या संस्थांना या बंदीचा फटका सर्वांत जास्त बसला.

झाडाला फळ धरले की गरज बदलते. कच्चा काजू उन्हाळ्यात रोखीने घ्यावा लागतो आणि सोललेला गर विकला जातो सणासुदीला. मधल्या महिन्यांसाठी लागते ते खेळते भांडवल. ते अनुदानातून क्वचितच मिळते, आणि बँक तारण मागते. साताऱ्यातल्या म्हसवडला, बँकेच्या दाराशी अडलेल्या गावातल्या बायांसाठी चेतना सिन्हा यांनी माणदेशी महिला बँकेची वाट काढली. बाया निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला. त्या लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि कोणत्याही रकमेवरचे व्याज तोंडी काढून दाखवतो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. आठवडी बाजारात बसणाऱ्या विक्रेत्या बायांसाठी तिने कॅश क्रेडिटची सोय केली: माल भरायला लागेल तेवढी रक्कम काढायची, माल विकला की भरायची, आणि व्याज वापरलेल्या पैशावरच.